विंगेतले सेलोकर सर

सेलोकर सर आमच्या समोर उभे राहून शिकवत नसत, मागे उभे राहून शिकवत. लॅबमध्ये तिन्ही भिंतींना लागून संगणक, आमची तोंडं भिंतीकडे, आणि सर आमच्या पाठीमागे कुठेतरी. चपला दाराबाहेर काढून येत, त्यामुळे पावलं ऐकू येत नसत. आपण एखाद्या ओळीवर अडलो की मानेमागून अर्धं वाक्य यायचं. अर्धंच. "फॉर आय इन..." एवढं बोलून सर गप्प. उरलेलं आपल्याला सुचेपर्यंत ते थांबत, आणि नाहीच सुचलं तर काही न बोलता पुढच्या संगणकाकडे निघून जात. ओरडणारे शिक्षक मी भरपूर पाहिले होते. कुजबुजणारा हा पहिलाच.

सुरुवातीला मला त्याची भीती वाटे. मी साकोलीतच वाढले, पण इंग्रजी शाळेत, आणि तिथे कुणी इतक्या जवळून शिकवत नसे. बी.सी.ए.ला माझ्या शेजारी बसणारी प्रणाली पवनीकडच्या खेड्यातली. तिला मात्र या प्रकाराचं काहीच वाटत नव्हतं.

"अवो, हे तं आमच्या मंडईत येतेत," ती म्हणाली. "नाटकात परद्याच्या मांगं बसतेत. परमटर आहेत ते."

आमच्या भागात दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक लागतं. नाटकमंडळ्या वडशाहून येतात. नट एका हंगामात इतक्या नाटकांत कामं करतात की सगळं पाठ असणं शक्य नसतं, आणि तालमी जवळजवळ होतच नाहीत. म्हणून विंगेत संहिता घेऊन एक माणूस बसतो, प्रॉम्प्टर. तो नटाच्या अर्धं वाक्य पुढे असतो. तो कुजबुजतो, नट गरजतो, बायका डोळे पुसतात. सेलोकर सर कॉलेजात शिकत असल्यापासून हे काम करत होते. लॅबमध्ये ते जे करत तेही तेच होतं, हे मला प्रणालीनं सांगितल्यावर कळलं. मग भीती गेली.

दिसायला ते अगदी साधे होते. बारीक अंगाचे, मनगटापर्यंत बटणं लावलेला शर्ट, खिशात ज्येष्ठमधाचा तुकडा. आमच्याकडे सुपारी-तंबाखूचा खर्रा न खाणारा पुरुष सापडणं कठीण. सर खात नसत, कारण घसा सांभाळायचा होता. गाव कोंढा. तिथे भाऊ धानाची शेती बघायचा. सर आठवडाभर बसस्टँडमागे एका खोलीत राहत आणि शनिवारी गावी जात. कॉलेजात ते तासिका तत्त्वावर होते. म्हणजे दर उन्हाळ्यात नोकरी संपायची आणि दर जुलैत त्याच जागेसाठी पुन्हा मुलाखत द्यायची. वर्षानुवर्षं ते ती देत आले होते. "दर साली आपलंच लगन आपल्याच बायकोसंगं," असं ते म्हणत. त्यावर हसणारे आम्हीच. त्यांना स्वतःला हसताना मी त्या वाक्यावर पाहिलं नाही.

इम्पोर्ट शिकवलं तो तास मला लख्ख आठवतो. पायथॉनमध्ये वर्गमूळ काढायचं होतं. कुणीतरी सरळ मॅथचं नाव लिहून बटण दाबलं आणि पडद्यावर लाल अक्षरं आली. सरांचे इंग्रजी उच्चार कच्चे होते आणि त्यांना ते माहीत होतं. लाल अक्षरं आली की ते माझ्याकडे वळत.

"वाच वो कॉन्व्हेंट."

मी वाचलं. 'मॅथ' हे नाव कुणालाच ठाऊक नाही, असं संगणकाचं म्हणणं होतं.

"आयकलं? आता सांगा. गावात नाटक आहे. राजा पाहिजे. गावात राजा आहे का?"

"नाही, सर."

"मंग?"

"वडशाहून आणाचा," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं.

"हाव. तेच इम्पोर्ट. राजा वडशाले तयार आहे. कपडे घालून, मिशी लावून. पण बोलावल्याशिवाय तो येत नाही. तुम्ही इथं कितीही वरडा, राजा, राजा. तो म्हणते, मले कोनं बोलावलं?"

वर्ग हसला. सर थांबले, हसू संपू दिलं आणि पुढे गेले. एकटाच राजा हवा असेल तर आख्ख्या मंडळाला आमंत्रण कशाला? अमुक मंडळातून फक्त राजा, असं लिहा. बाकीचे वडशालाच राहू द्या.

"काही जण आळस करतेत. नावाच्या जागी एक चांदणी मारली, म्हणजे सगळेच या, की आख्खं मंडळ ट्रकमधून उतरते. आता जेवू कोण घालन त्यायले? अन् दुसऱ्या मंडळालेही चांदणी मारली. त्याच्यातही राजा आहे. मंग काय होईन?"

"दोन राजे होतीन, सर," प्रणाली म्हणाली.

"दोन नाही होत. दुसरा आला की पहिला गेला. भांडण नाही, एरर नाही, काही नाही. नाव तेच, माणूस दुसरा. पाहणाऱ्याले पत्ताही नाही लागत."

नंतर नोकरीत हीच गोष्ट मी मोठमोठ्या शब्दांत, रंगीत आकृत्या दाखवून समजावलेली ऐकली. त्यातलं काहीच मला त्या ट्रकइतकं उपयोगी पडलं नाही.

नाटकाचे किस्से ते क्वचित सांगत, आणि सांगितले तर शिकवण्याच्या ओघातच. एकदा एक नट बसमधून उतरून थेट रंगपटात आला, तोंडाला रंग लावता लावता विंगेशी येऊन म्हणाला, "दादा, आज मी कोण?"

"मी म्हटलं, आज तू जमीनदार. पोरीले घराबाहेर काढाचं आहे. तो म्हणते, पोरगी कोणती? म्हटलं, जे रडत असन ते. गेला अन् काढली बाहेर. अशी काढली की पब्लिक त्याले माराले धावलं."

आम्ही हसून बेजार झालो. सर म्हणाले, "हसता काय? तो नट होता. शब्द नव्हते त्याच्यापाशी, पण काम माहीत होतं. शब्द म्या देले. ज्याले कामच माहीत नाही, त्याले शब्द देऊन काय होते? पोपट होते."

यातच त्यांचा कडवटपणाही होता. अडलेल्याला ते हवं तितक्या वेळा अर्धं वाक्य देत. पण शेजाऱ्याचं बघून उतरवणारा सापडला की त्याची धडगत नसे. त्याच्यामागे उभं राहून ते शेजाऱ्याचा प्रोग्राम हळू आवाजात चुकीचा वाचत, तो बिचारा तसाच टाइप करी, आणि शेवटी सर म्हणत, "घे, आता चालव." पडदा लाल होई. सगळा वर्ग बघत असे. मला ते कधी आवडलं नाही. त्या मुलांचे कान तापलेले मला मागूनही दिसत. सरांना मात्र असल्या वेळी एक प्रकारचा आनंद होई, आणि तो ते लपवत नसत.

असाच आनंद त्यांना एकदा महाग पडला. निदान माझा हिशेब तसा आहे.

आमचे विभागप्रमुख निंबार्ते सर कायम नोकरीतले. त्यांच्या सहीशिवाय विभागातला खडूही हलत नसे. प्रोग्रामिंग त्यांनी केव्हाच सोडलं होतं, पण ते सुटलंय हे कुणी बोलायचं नसे. एका सकाळी दुसऱ्या तुकडीचा तास चालू होता आणि एकामागून एक सगळ्यांचे प्रोग्राम बंद पडले. चिठ्ठी काढावी तसा मनाला येईल तो आकडा काढायचा साधा प्रोग्राम होता; त्यासाठी पायथॉनचा तयार 'रँडम' बोलवावा लागे. आदल्या दिवशी आमचा व्यवस्थित चालला होता. निंबार्ते सर आले, दोन पडदे पाहिले आणि म्हणाले, "व्हायरस आहे. सगळं बंद करा. फॉरमॅट मारा."

आम्ही आमच्या तासाची वाट बघत बाहेर उभे होतो. सेलोकर सर चपला काढून आत गेले. मला हाक आली.

"वाच वो कॉन्व्हेंट."

मी वाचलं. 'रँडम' सापडला आहे, पण त्याच्यात आकडा काढायची सोयच नाही, असा त्याचा अर्थ होता. सर मोठ्यानं हसले. दाराकडे वळून म्हणाले, "कोनं आपल्या फाइलीचं नाव रँडम ठेवलं?"

प्रणालीनं हळूच हात वर केला. आदल्या दिवशी तास संपताना तिनं आपला प्रोग्राम त्या नावानं ठेवला होता. लॅबचे सगळे संगणक एकाच फोल्डरला जोडलेले, म्हणून तिची फाइल सगळ्यांच्याच वाट्याला आली होती.

"पायथॉन पहिले घरात पाहते," सर सगळ्यांना म्हणाले. "तुमच्या घरी सुरेश आहे, अन् तुम्ही दारातून सुरेश म्हणून बोंबललात, तं कोण येईन? घरचाच येईन. बाहेरचा सुरेश मोठा डॉक्टर असन, पण त्याच्यापर्यंत हाक जातच नाही." त्यांनी प्रणालीच्या फाइलीचं नाव बदललं, पुन्हा चालवून दाखवलं, आकडे पडले. इथवर सगळं ठीक होतं. पण मग ते निंबार्ते सरांकडे वळले.

"सापडला, सर, व्हायरस. प्रणाली नाव आहे त्याचं."

दोन्ही तुकड्या हसत सुटल्या. निंबार्ते सरही हसले, पण फक्त ओठांनी. प्रणाली खाली बघत होती. नंतर वर्षभर मुलं तिला व्हायरस म्हणत. सरांनी ते वाक्य नाटकातल्यासारखं नेमक्या वेळी टाकलं होतं, आणि नाटकात टाळी मिळते तशी त्यांना ती मिळाली. कॉलेज म्हणजे नाटक नव्हे, इथे प्रयोग संपल्यावर नट घरी जात नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

आमच्या कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षेची एक रीत होती. तिला 'सोय' म्हणत. परीक्षेच्या आदल्या दिवशी लॅबच्या फोल्डरमध्ये सगळे प्रोग्राम तयार करून ठेवलेले असत. विद्यार्थ्यानं आपली फाइल उघडायची आणि चालवायची. बाहेरून येणाऱ्या परीक्षकाला ऑफिसात बसवून नाश्ता द्यायचा, नाश्ता लांबवायचा, आणि मग लॅबमधून एक चक्कर मारून आणायचं. निकाल चांगला लागे. निकाल चांगला लागला की पुढच्या वर्षी प्रवेश होत, आणि प्रवेश झाले की तासिकेवाल्यांच्या जागाही टिकत. म्हणजे त्या सोयीवर सेलोकर सरांचंही पोट होतंच. निंबार्ते सर त्यांना हे उघड सांगत. एकदा लॅबच्या दारातच म्हणाले, "सेलोकर, पोरायचं नुकसान कायले करता? अन् तुमचं तरी काय राहते मंग?"

सर म्हणाले, "पोपट पाळाले आलो नाही, सर."

त्या वर्षी परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी लॅब बंद करायची पाळी सरांची होती. सोयीसाठी ठेवलेले सगळे प्रोग्राम त्यांनी पुसून टाकले. फोल्डर रिकामा केला, कुलूप लावलं आणि गेले.

सकाळी आम्ही बसलो तर आत काहीच नाही. पुन्हा काही ठेवायला वेळ नव्हता. परीक्षक मॅडम पहिल्याच बसनं आल्या होत्या आणि नाश्ता नको म्हणून सरळ लॅबमध्ये येऊन बसल्या होत्या. परीक्षा सुरू होण्याआधीच्या अर्ध्या तासात सरांबद्दल आमच्यात हळू आवाजात जे बोललं गेलं ते मी लिहिणार नाही. सौम्यातलं सौम्य वाक्य होतं, "मोठे हरिश्चंद्र लागून गेले." ज्यांना त्यांनी वर्षभर ओळ न ओळ दिली होती, तीच मुलं हे बोलत होती. ज्यांना खरोखर येत होतं तीसुद्धा. सोय आपली गेली, याचा राग सगळ्यांना सारखाच होता.

पण परीक्षा झाली. खरीच झाली. मुलं अडखळत, खोडत, लिहू लागली आणि बऱ्याच जणांचं चाललं. मला वाटतं त्या कॉलेजात तशी परीक्षा तेवढी एकदाच झाली असेल.

प्रणाली माझ्या शेजारी होती. तिला वर्गमूळ लागणारा प्रोग्राम आला होता. तिनं सगळा बरोबर लिहिला होता, फक्त वर मॅथला बोलावलं नव्हतं. चालवला, आणि लाल अक्षरं आली. नेमक्या तेव्हा परीक्षक मॅडम तिच्यापाशी पोचल्या.

"काय चुकलं असेल?" त्यांनी प्रेमानंच विचारलं.

प्रणालीला उत्तर येत होतं. आदल्या रात्री तिनंच मला वसतिगृहातून फोन करून म्हणून दाखवलं होतं. पण तिचे हात ओढणीत अडकून बसले आणि ती नुसती पडद्याकडे बघत राहिली. मॅडम वाट बघत होत्या. मग मॅडमनी हातातलं पेन कागदावर टेकवलं.

सर भिंतीशी उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर शिक्षकाचं काही नव्हतं. समोर नट अडलाय, पब्लिक बसलंय, एवढंच होतं. आणि त्यांच्या तोंडून ते गेलं.

"इम्पोर्ट..."

अर्धंच. नेहमीसारखं.

प्रणालीचे हात सुटले. तिनं वर जाऊन ओळ लिहिली, उत्तर आलं. परीक्षक मॅडमनी गुण लिहिले आणि त्या पुढच्या संगणकाकडे गेल्या. त्यांनी ऐकलं की ऐकून सोडून दिलं, मला सांगता येणार नाही. पण दारात निंबार्ते सर उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. सरांनीही त्यांना पाहिलं, आणि मग स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. उशीर झाल्यावर.

दुसऱ्या दिवशी आम्ही सह्या घ्यायला प्राचार्यांच्या खोलीबाहेर बसलो होतो. आत सेलोकर सर आणि निंबार्ते सर होते, मधली भिंत प्लायवूडची. आतलं ऐकायला कान द्यावा लागत नसे.

"तुम्ही बोललात की नाही?" प्राचार्यांनी विचारलं.

"बोललो."

"परीक्षा चालू असताना?"

"हो. तिले येत होतं, सर. तोंडावर होतं तिच्या. अटकली होती. एक शब्द बोललो."

"एक शब्द का असेना," निंबार्ते सर म्हणाले. "गैरप्रकार तो गैरप्रकार."

"अन् तुमच्या फाइली?" सरांचा आवाज आता चढला होता. "आख्खे प्रोग्राम ठेवले होते लॅबमध्ये. ते काय होतं?"

"कोणत्या फाइली?"

"तुम्हाले माहीत आहे कोणत्या."

"मले काही माहीत नाही. दाखवा ना."

 

"पुसल्या म्या," सर म्हणाले.

"मंग नसलेल्या फाइलीवर मी काय बोलू, सर?" निंबार्ते सरांचा आवाज अगदी शांत होता. "सेलोकरायचा एक शब्द मात्र आहे. साक्षीदारही आहे."

साक्षीदार म्हणजे प्रणाली. तिला आत बोलावलं, समोर कागद ठेवला आणि सांगितलं की निकाल अडकायला नको असेल तर जे झालं ते लिहून दे. तिनं लिहिलं. सरांनी मला शब्द सांगितला, एवढं एकच वाक्य. बाहेर आल्यावर तिनं मला बाजूला घेतलं.

"म्या खोटं तं नाही लिहिलं ना वो?"

"नाही," मी म्हणाले.

"सांगितलाच होता ना त्यायनं?"

"हो."

हे ती आठवडाभर विचारत राहिली. फाइलींबद्दल लिहिलं असतं तर तेही खोटं ठरलं नसतं. पण ते तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि तिथे विचारलेलंच लिहायचं असतं. 'व्हायरस' तिच्या मनात कुठे होता का, हे मी तिला विचारलं नाही. तिलाही ते ठाऊक असेल असं मला वाटत नाही.

सरांना काढलं वगैरे काही झालं नाही. तासिकेवाल्याला काढावं लागत नाही. उन्हाळा आला की तो आपोआप संपतो. जुलैत ते नेहमीप्रमाणे मुलाखतीला आले. इस्त्रीचा शर्ट, प्रमाणपत्रांची पिशवी. नेहमी त्यांना पहिलं बोलावत आणि चहा पाजून सोडत. त्या दिवशी सगळे उमेदवार झाले, समितीचं जेवण झालं, मग त्यांना बोलावलं. बाहेर आले तेव्हा व्हरांड्यात मी आणि प्रणाली होतो. प्रणाली खांबाआड झाली. सरांनी ते पाहिलं.

"काय विचारलं, सर?" मी म्हणाले. काहीतरी बोलायला हवं होतं.

"विचारलं, पायथॉन शिकवाचा अनुभव आहे का." ते चपला घालत होते. "म्हटलं, निंबार्ते सरायले विचारा. बाजूलेच बसले आहेत."

"मग?"

"मंग काय? ते म्हणाले, मले कल्पना नाही."

खांबाकडे न बघता त्यांनी सांगितलं, "तिले म्हणा, लपू नोको. खरं लिहिलं तिनं. खरं लिहिणाऱ्यानं कायले लपाचं?" हे त्यांनी माफ केल्याच्या स्वरात म्हटलं नाही. ते तिला लागावं असंच म्हटलं होतं, आणि तिला लागलं.

त्यांच्या जागी नागपूरच्या एक मॅडम आल्या. चांगल्या होत्या. पडद्यावर सरकती पानं दाखवून शिकवत, समोर उभ्या राहत, सगळ्यांना ऐकू येईल असं बोलत. पुढच्या परीक्षेला फोल्डर पुन्हा भरलेला होता. बाकीच्यांनी आपापल्या फाइली उघडल्या. मी माझी फाइल उघडली नाही, स्वतः लिहिलं, पण त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही आणि सुधारलंही नाही.

सरांनी पवनीला, भंडाऱ्याला आणखी दोन-तीन कॉलेजांत अर्ज केले, असं कानावर येई. जिल्हा लहान आहे. त्यांच्या आधी त्यांची गोष्ट पोचलेली असायची, आणि जाता जाता ती बदलायची. शेवटी मी ऐकली तेव्हा त्यात सेलोकर सर परीक्षेत पोरींना आख्खे प्रोग्राम पुरवताना पकडले गेले होते. सांगणाऱ्याला मी कोण ते माहीत नव्हतं. मी म्हणाले, तसं नव्हतं. तो म्हणाला, "मॅडम, आग असल्याशिवाय धूर निघते का?"

नंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. मी नागपूरच्या एका कंपनीसाठी घरून काम करू लागले होते. माझ्या जुन्या शाळेनं मला एका कार्यक्रमाला बोलावलं. मुलांना प्रोग्रामिंग शिकवणारी कुठलीशी मोठी कंपनी शाळेत येणार होती, आणि माजी विद्यार्थिनी म्हणून मी पुढच्या खुर्चीत बसायचं होतं. सभागृहाच्या दाराशी निळा टी-शर्ट घातलेला एक माणूस वायर सोडवत बसला होता. पायात बूट होते. टी-शर्टावर कंपनीचं नाव. मान वर केली तेव्हा मी ओळखलं.

"कॉन्व्हेंट," ते म्हणाले. "हेच का तुही शाळा?"

"हो, सर. तुम्ही इथे शिकवता?"

"शिकवत नाही. दाखवतो." त्यांनी पडद्याकडे हात केला. "सगळं व्हिडिओत आहे. आपण फक्त बटण दाबाचं. मधात बोलाचं नाही, असा नियम आहे. बोललो तं सगळ्या शाळेत सारखं नाही होत म्हणते." सभागृहाच्या मागे टॅबलेट घेऊन उभ्या असलेल्या तरुणाकडे त्यांनी डोळ्यांनी दाखवलं. "ते साहेब पाहाले आहेत."

"बरं आहे ना, सर, सगळं?"

"बरं आहे." मग ते पुन्हा वायरीकडे वळले.

कार्यक्रम सुरू झाला. पडद्यावर एक रोबोट आला आणि अमेरिकन इंग्रजीत मुलांशी बोलू लागला. सर लॅपटॉपशेजारी सरळ उभे होते. एक व्हिडिओ संपला की बटण दाबत, दुसरा लागे. रोबोटनं पहिल्याच ओळीत इम्पोर्ट लिहिलं, त्याबद्दल काहीच सांगितलं नाही आणि फुगे उडवू लागला. टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उठून उभी राहिली. चष्मा, दोन वेण्या.

"सर, वो पहिलं जे लिहिलं ना, इम्पोर्ट. ते कुठून आणते तो? आधी कुठं असते ते?"

 सर तिच्याकडे बघत राहिले. तोंड उघडलं होतं. मला वाटलं, आता.

मागच्या तरुणानं टॅबलेटवरून मान वर केली.

"ते पुढच्या व्हिडिओत आहे, बेटा," सर म्हणाले. "बसा."

मुलगी बसली. त्यांनी बटण दाबलं. पुढच्या व्हिडिओत रोबोट कोर्सची फी ऑनलाइन कशी भरायची ते सांगत होता.